शिल्लक कोणाची?



आत्ता खजिनदारांनी निधीत शिल्लक असल्याचं सांगितलं आणि टाळ्या पडल्या. मला नामदार गोखले आठवले. 1902 साली व्हाइसरॉयच्या कायदेमंडळात अंदाजपत्रकावर बोलताना सरकारची शिल्लक बघून ते मुळीच खूश झाले नाहीत. देश नुकताच दुष्काळातून निघालेला, मिठावर मणामागे अडीच रुपये कर. मग शिल्लक उरते याचा अर्थ लोकांकडून गरजेपेक्षा जास्त वसूल केलंत, असं त्यांनी मांडलं. सभासदांना तेव्हा अंदाजपत्रकावर मत द्यायचा हक्कही नव्हता, नुसतं बोलायचं! तरी पुढच्याच वर्षी तो कर दोन रुपयांवर आला. सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचं त्यांचं विधेयक मात्र 1912 मध्ये 38 विरुद्ध 13 मतांनी पडलं.

या भाषणाच्या आकडेमोडीत त्यांना मदत केली गणेश व्यंकटेश जोशी यांनी. ते शाळामास्तर होते, हे मला फार आवडतं. आमच्या धंद्यात स्क्रीनवर हिरवा दिवा लागला की सगळे घरी जातात; तो नेमकं काय मोजतो, हे विचारणारा एखादाच.

तर खजिनदारसाहेब, शिल्लक कळली. पैशांवाचून दहावीचा फॉर्म अडलेली मुलं आपल्या शाळेत यंदा किती, तो आकडाही वाचून दाखवता का?