दाताला दात कसा जुळवतात

चांदूरच्या बाजारात लुगडं घेताना बाई काय करते? दुकानातल्या दिव्यावर भरोसा ठेवत नाही. लुगडं बाहेर उजेडात आणते, मग रंग पाहते. समोरच्या दातावर कॅप बसवायची, तरी तसंच करावं लागतं. माझ्या मेव्हण्याची कॅप संध्याकाळी दिव्याखाली जुळवली. रात्री ठीक दिसे, दिवसा राखी. पैसे गेले, अन् गडी तोंडावर हात धरून हसू लागला.

दात सारे पांढरे, असं आपण म्हणतो. कापूसही पांढराच, पण व्यापारी त्यात फरक करतोच ना! कोणाचा दात पिवळट, कोणाचा तांबूस. म्हणून डॉक्टरजवळ नमुन्याच्या दातांची पट्टी असते. जर्मनीतली एक पट्टी फार चालते, तिच्यात १६ रंग आहेत. एकेक नमुना दाताशेजारी धरून डॉक्टर पाहतो. तेही थोडाच वेळ. टक लावली की डोळा फसतो.

हे काम सुरुवातीलाच व्हावं. तोंड फार वेळ उघडं राहिलं की दात सुकतो, आणि सुकलेला दात जास्त पांढरा दिसतो.

खर्रा खाणाऱ्यांनो, तुम्ही आधी दात साफ करून घ्या. मागून साफ केले तर दात उजळतील, कॅप मात्र आहे तशीच राहील.

अमरावतीला आणि वर्ध्याजवळ सावंगीला दातांची कॉलेजं आहेत. कुठंही जा; पण कॅप पक्की चिकटवण्याआधी आरसा मागा, खिडकीशी उभे राहा. पटली नाही तर तेव्हाच सांगा. पक्की बसलेली कॅप बहुतेक कापूनच काढावी लागते.