शेजारी राष्ट्रांतील सायबर संघर्ष आणि आंतरराष्ट्रीय सहकार्य



या विषयासाठी मी एस्टोनियाचे उदाहरण निवडले आहे. बाल्टिक किनाऱ्यावरील या देशाची लोकसंख्या सुमारे १३ लाख, म्हणजे आपल्याकडील अनेक जिल्ह्यांपेक्षाही कमी. १९९१ मध्ये सोव्हिएत संघातून स्वतंत्र झालेल्या या देशाने बँकव्यवहार, करभरणा, इतकेच नव्हे तर मतदानही इंटरनेटवर आणले. एप्रिल २००७ मध्ये राजधानी टॅलिनमधील सोव्हिएत सैनिकाचा ब्राँझचा पुतळा शहराच्या मध्यभागातून लष्करी दफनभूमीत हलविण्यात आला. बहुसंख्य एस्टोनियनांच्या दृष्टीने तो पारतंत्र्याची खूण होता, तर तेथील रशियन भाषकांच्या दृष्टीने नाझींवरील विजयाचे स्मारक. दंगली उसळल्या आणि पाठोपाठ सरकार, बँका व वृत्तपत्रे यांच्या संकेतस्थळांवर हल्ले सुरू झाले. ते सुमारे तीन आठवडे चालले.

येथे तंत्र समजून घेणे आवश्यक आहे. मालकाच्या नकळत ताब्यात घेतलेल्या असंख्य संगणकांचे जाळे, म्हणजेच बॉटनेट, एकाच सर्व्हरवर एकाच वेळी विचारणांचा भडिमार करते. त्या गर्दीत खऱ्या ग्राहकाची दाद लागत नाही. हे संगणक अनेक देशांत विखुरलेले असल्याने हल्ला कोणत्या यंत्रांवरून झाला हे कळते. तो कोणी करविला हे मात्र सहजी सिद्ध होत नाही. रशियाने आरोप फेटाळले आणि तपासात मदत करण्याची एस्टोनियाची विनंतीही नाकारली. एस्टोनिया 'नाटो'चा सदस्य होता. तथापि सामूहिक संरक्षणाचे पाचवे कलम लागू करण्यात आले नाही. २००८ मध्ये टॅलिन येथे 'नाटो'शी संलग्न सायबर संरक्षण केंद्र स्थापन झाले. त्याच्या पुढाकाराने तज्ज्ञांनी तयार केलेली 'टॅलिन मॅन्युअल' २०१३ मध्ये प्रसिद्ध झाली. ती कोणत्याही राष्ट्रावर बंधनकारक नाही, हे परीक्षार्थींनी विसरू नये.

आपल्याकडेही हीच अडचण दिसली. गलवान येथील चकमकीनंतर काही महिन्यांनी, १२ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबईची वीज गेली व लोकलगाड्या थांबल्या. पुढील वर्षी एका अमेरिकी कंपनीच्या अहवालाने चीनशी संबंधित गटाने भारतीय वीज यंत्रणेला लक्ष्य केल्याचे म्हटले. राज्याच्या गृहमंत्र्यांनी घातपाताची शक्यता वर्तविली, केंद्रीय ऊर्जामंत्र्यांनी मानवी चूक हे कारण दिले, तर चीनने आरोप नाकारला. खुद्द त्या अहवालातही मुंबईच्या घटनेशी थेट संबंध सिद्ध झालेला नव्हता. उत्तरपत्रिकेत हा 'सिद्ध झालेला हल्ला' म्हणून लिहिणे मला योग्य वाटत नाही.

सहकार्याबाबत भारताने एकाच गटाशी बांधून घेतलेले नाही. २०१६ या एकाच वर्षी ऑगस्टमध्ये अमेरिकेशी सायबर संबंधांचा आराखडा, तर ऑक्टोबरमध्ये गोव्यात रशियाशी माहिती तंत्रज्ञानाच्या सुरक्षित वापराविषयीचा करार झाला. २००१ च्या बुडापेस्ट करारापासून मात्र भारत दूर राहिला. मसुदा तयार होताना आपला सहभाग नव्हता, तसेच दुसऱ्या देशातील माहिती तेथील सरकारला वगळून मिळविण्याची तरतूद सार्वभौमत्वाशी विसंगत वाटत होती.

त्या कराराबाहेर राहिलेल्या रशियाच्याच पुढाकाराने संयुक्त राष्ट्रांत नव्या कराराची प्रक्रिया सुरू झाली. डिसेंबर २०२४ मध्ये महासभेने तो स्वीकारला. ४० राष्ट्रांच्या अनुसमर्थनानंतर ९० दिवसांनी तो अमलात यावयाचा आहे. मात्र सार्वभौमत्वाला वा सुरक्षिततेला बाध येत असल्यास मदत नाकारण्याची मुभा त्यातही आहे. एस्टोनियासारखी विनंती पुन्हा फेटाळली जाण्यास तेवढे कलम पुरेसे ठरू शकते.