बोटीने काय न्यावे?
(मंडळाच्या चैत्रातील हळदीकुंकवाच्या वेळी केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला सांगितले की, "तुमच्या धाकट्या जाऊबाईंचे बिऱ्हाड ऑस्ट्रेलियाला गेले, ते सगळे तुम्ही बांधून दिलेत. त्यावर चार शब्द बोला." भाषणाची मला सवय नाही. पण गेल्या दोनतीन वर्षांत आपल्या मंडळातल्याच पाचसहा घरांतले मुलगे, मुली, दीर, जावई परदेशी गेले, आणि प्रत्येक घरी हाच प्रश्न निघाला की, काय न्यायचे आणि काय ठेवायचे? म्हणून मला जे ठाऊक झाले ते सांगते.

आमचे भाऊजी २०२३ साली नोकरीनिमित्त मेलबर्नला गेले. तीन महिन्यांनी जाऊबाई आणि मुले निघाली. जायचे ते राहायलाच, म्हणून संसार न्यायचा होता. कपडालत्ता विमानाने आणि भांडीकुंडी बोटीने असे ठरले.

आता पहिली गोष्ट ही की, विमानात आपल्या सामानाचे वजन बघतात आणि बोटीत जागा बघतात. हे एकदा ध्यानात आले की सगळा हिशेब फिरतो. बोटीचा हिशेब घनमीटरावर असतो. एक मीटर लांब, तितकीच रुंद आणि तितकीच उंच अशी पेटी मनात धरा, तो एक घनमीटर. दोन फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच अशी खोकी त्यात साडेसात-आठ बसतात. वीस फुटी अख्ख्या कंटेनरात ३३ घनमीटरांच्या आसपास जागा असते, पण चार माणसांच्या संसाराला अख्खा कंटेनर कशाला? चारपाच बिऱ्हाडांचा माल एकत्र भरतात, त्यात आपली जागा घ्यावी. आम्हाला ३ घनमीटर परवडत होते. म्हणजे तेवीस खोकी. त्यात काय बसेल तो संसार, बाकीचा इथे.

सासूबाई म्हणाल्या, "पितळ जड आहे, ते राहू दे. गाद्या हलक्या, त्या घेऊन जा." सगळ्या बायका असेच म्हणतील, कारण आपण आजवर एस. टी.च्या टपावर आणि हमालाच्या डोक्यावर सामान चढवले. पण सहा फूट बाय चार फूट अशी सहा इंच जाडीची एक गादी जवळजवळ तीन खोक्यांची जागा खाते. गादी तिकडे कोणत्याही दुकानात मिळते. घंगाळ मिळत नाही. शिवाय घंगाळाच्या पोटात दोन लुगडी, मुलांचे स्वेटर आणि चहाच्या कपांचा जोड बसला, तेव्हा त्याने स्वतःची अशी जागा फारशी घेतलीच नाही. भांड्यातली पोकळी ही फुकटची जागा आहे. पातेल्यात पातेले, परातीवर परात, मधे जुन्या सुती साडीचे तुकडे. मसाल्याच्या डब्याच्या वाट्यांत दोऱ्याची रिळे, बटणे, कुकरच्या जास्तीच्या रिंगा आणि शिट्ट्या. त्या रिंगा मात्र जरूर द्या. आपल्याकडच्या कुकरची नेमकी रिंग परक्या गावी शोधत कोण फिरेल? वजनाकडे अगदीच काणाडोळा करू नये, एका माणसाला उचलेल इतपतच, वीस-बावीस किलोच्या आत एक खोके भरावे. नाहीतर तळ फाटतो.

दुसरी गोष्ट त्या देशाची. ऑस्ट्रेलिया हे चहूबाजूंनी समुद्राने वेढलेले, शेतीवर फार जपणारे राष्ट्र आहे. बाहेरून कीड येऊ नये म्हणून तिथे सामान उघडून तपासतात. आमच्या पुतणीने तिथल्या सरकारचा अर्ज वाचून दाखवला तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "ही तर माझ्याहून सोवळी!" लाकूड, बांबू, वेत, गवत, बी-बियाणे, पिसे, कातडे, चिखल लागलेली चप्पल, जे असेल ते अर्जात लिहायचे. लिहिले म्हणजे जप्त होते असे नाही. ते पाहतात, स्वच्छ असेल तर सोडतात. कीड दिसली तर आपल्या खर्चाने धुरी द्यायची, परत पाठवायचे, नाहीतर नष्ट करायचे. लपवले तर दंड.

म्हणून केरसुणी आणि सूप आम्ही ठेवूनच दिले. पोळपाट-लाटणे आणि विळी गेली, पण ती कशी? गरम पाण्याने ब्रशने घासून, कडेच्या फटीतली कणीक टाचणीने काढून, चार दिवस कडक उन्हात वाळवून. पाटा-वरवंट्याचेही तेच. टाकीच्या घावांत वर्षानुवर्षांची डाळ बसलेली असते. पाटा न्यावा की नाही यावर आमच्यात दोन दिवस चर्चा झाली. मी जाऊबाईंना विचारले, "गेल्या वर्षात तू यावर किती वेळा वाटलेस?" त्या म्हणाल्या, "वहिनी, एकदाच, वीज गेली होती तेव्हा." पाटा राहिला.

सागाच्या देव्हाऱ्याला मागच्या फळीत बारीक भोके होती आणि खाली पिठासारखा भुसा पडत होता. तो न्यायचा म्हणजे तपासणीत अडकायचाच. तोही राहिला. खोकी बांधायला बाजारातून सफरचंदांची किंवा अंड्यांची रिकामी खोकी आणू नयेत आणि आत पेंढा भरू नये, या दोन्ही गोष्टी तिथे चालत नाहीत. लाकडी पेटी करायची असेल तर तिचे लाकूड तापवलेले असावे लागते, आतपर्यंत ५६ अंश उष्णता अर्धा तास, आणि तसा शिक्का पेटीवर हवा. आम्ही कोरी पुठ्ठ्याची खोकीच घेतली.

आणि धान्य! आपण बायका उन्हाळ्यात वर्षाचे भरून ठेवणाऱ्या. सासूबाईंनी तांदूळ, तूरडाळ, मूग, धणे, जिरे आणि ब्याडगी मिरच्या निवडून पुड्या बांधून ठेवल्याच होत्या. खपरा नावाचा भुंगेरा आपणा सर्वांच्या कणगीला माहीत आहे. तो मूळचा आपल्याच भागातला. त्याची अळी अन्नावाचून फटीत वर्षे काढते. त्याच्या भीतीने २०२० पासून त्या देशाने तांदूळ, गहू, हरभरे, मूग, मसूर, तूर, धणे, जिरे, शेंगदाणे, सुक्या मिरच्या अशा जिनसा घरगुती सामानातून आणायला बंदी केली आहे. हे ऐकून सासूबाईंनी पुड्या सोडल्या आणि काही बोलल्या नाहीत. मेलबर्नजवळ डँडेनाँगला आपल्या लोकांचा मोठा बाजार आहे, तिथे डाळ-तांदूळ मिळतात. पण निवडलेले धान्य परत डब्यात ओतताना बाईच्या जिवाला काय वाटते ते इथे सांगायला नको.

आता सर्वांत अवघड गोष्ट सांगते. ती भांड्यांची नव्हे, देवांची.

आमच्या देव्हाऱ्यात चांदीचे पाच टाक आहेत, खंडोबा, भवानी, जोतिबा आणि दोन पूर्वजांचे. सासूबाईंच्या आजेसासूबाईंच्या काळचे, म्हणजे शंभर वर्षांच्या पलीकडचे. सासूबाईंची इच्छा अशी की, यांतले दोन तरी धाकट्याबरोबर जावेत, परमुलखात घर देवावाचून नसावे. पण १९७२ साली आपल्या सरकारने पुरावस्तूंचा कायदा केला आणि १९७६ पासून तो लागू आहे. १०० वर्षांहून जुनी मूर्ती, नाणे, धातूची कारागिरी अशा वस्तू खाजगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाहीत. जुन्या हस्तलिखित पोथीला तर ७५ वर्षेच धरतात. वस्तू तितकी जुनी नसेल आणि शंका येण्यासारखी असेल, तर ती पुरावस्तू नाही असा दाखला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याकडून घ्यावा लागतो. घंगाळ सासूबाईंच्या लग्नातले, १९६८ चे, त्यावर तारीखच घातलेली आहे, म्हणून त्याची अडचण नव्हती. (भांड्यावर नाव आणि सन घालणाऱ्या आपल्या वडीलधाऱ्या मंडळींचे किती उपकार आहेत पाहा.) टाकांचा प्रश्न सुटेना.

मी म्हटले, "नवे टाक घडवून घेऊ." सासूबाई एकदम म्हणाल्या, "घर वेगळे झाले म्हणजे टाक वेगळे करतात. आपले घर वेगळे झाले आहे का?"

भगिनींनो, या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते, कारण रीत तशीच आहे. वाटणी होते तेव्हाच धाकट्याच्या घरी नवे टाक होतात. जाऊबाई स्वयंपाकघरात जाऊन रडल्या. त्यांना वाटले, आपण घर फोडून चाललो असे सासूबाईंच्या मनात आहे. सासूबाईंना वाटत होते, मुलगा गेला तो गेलाच. तिकीट काढल्यापासून कोणी बोलले नव्हते ते टाकांच्या निमित्ताने बाहेर पडले. मी दोघींना दोन दिवस काही विचारले नाही, फक्त खोकी बांधत राहिले.

तिसऱ्या दिवशी सासूबाईंनी आपल्या पेटीतून चांदीच्या तोरड्या काढल्या, त्यांच्या आईने दिलेल्या. त्या सोनाराकडे मोडायला दिल्या आणि खंडोबा व भवानी असे दोन टाक घडवले. महिनाभर ते जुन्या टाकांशेजारी आमच्याच देव्हाऱ्यात पूजले. मग सगळे मिळून जेजुरीला गेलो, जुने आणि नवे टाक एका ताम्हनात ठेवून देवाला भेटवून आणले, भंडारा उधळला. वाटणी झाली की नाही हा शब्द पुन्हा निघाला नाही. नवे टाक बोटीने पाठवले नाहीत. रेशमी पिशवीत घालून जाऊबाईंनी विमानात आपल्या मांडीवर नेले.

गौरीचे मुखवटे मात्र इथेच राहिले. गौरी आमच्या घरी वडिलांच्या घरात येते, ती रीत सासूबाईंनी सोडली नाही आणि ते मला योग्यच वाटते.

बाकीचे चटकन सांगते. ऑस्ट्रेलियातली वीज आपल्यासारखीच २३० व्होल्टची आहे, फक्त प्लगचे पाय चपटे आणि तिरके असतात. म्हणून मिक्सर गेला, तिकडे प्लग बदलला. ज्यांची मुले अमेरिकेला जात असतील त्यांनी मात्र मिक्सर देऊ नये, तिथे १२० व्होल्टची वीज आहे. गॅसची शेगडी कोठेच देऊ नये, तिथल्या मान्यतेचीच लागते. जाण्याच्या आधी हौसेने नवी भांडी घेऊ नयेत. बारा महिने आपल्या मालकीची आणि वापरातली वस्तू असेल तर तिकडे जकात लागत नाही, कोऱ्या वस्तूला लागू शकते. लोखंडी तव्याला आणि कढईला तेलाचा हात फिरवून कागदात गुंडाळावे, कंटेनरात दमटपणा फार. फोटोंचे आल्बम, मुलांचे दाखले, पत्रिका बोटीने मुळीच नकोत.

प्रत्येक खोक्यावर आकडा घालावा आणि त्या आकड्यापुढे आत काय आहे ते एकेक लिहावे. नुसते "स्वयंपाकाचे सामान" चालत नाही. माझी मराठीतली वही आणि पुतणीची इंग्रजीतली वही अशा दोन वह्या आम्ही केल्या होत्या. फुटणारी वस्तू कंपनीच्या माणसाकडून बांधून घ्यावी, आपण बांधलेल्या खोक्यातली फूट विमेवाले सहसा धरत नाहीत. आणि दर विचारताना तिकडच्या बंदराचा खर्च, तपासणीची फी आणि घरपोच आणून देणे धरून सांगता की सोडून, हे लेखी घ्यावे. एका कंपनीचा दर आम्हाला फार स्वस्त वाटला होता. विचारल्यावर कळले की तो बंदरापर्यंतचाच आहे.

माल अकरा आठवड्यांनी पोहोचला. तेवीस खोकी, दोन कप फुटले. जाऊबाईंनी फोनवर मला एकेक दाखवले. रोज लागते ते पोळपाट-लाटणे, मसाल्याचा डबा आणि लोखंडी तवा. पुरणयंत्राला तिथल्या चार मराठी घरांतून मागणी असते. विळी जमिनीवर बसून चालवायची आणि तिथला ओटा उभ्याचा, म्हणून ती नारळापुरतीच निघते. सासूबाईंच्या लुगड्यांची वाकळ मुलांनी आपसांत भांडून वाटून घेतली आहे, एक रात्र एकाची, एक रात्र दुसऱ्याची. घंगाळात त्यांनी गणपतीचे विसर्जन केले.

इथे जे राहिले त्यातले अर्धे आम्ही गरजूंना दिले. वाड्यातली धुणेवाली नवी बिऱ्हाडकरू होती, तिला गाद्या आणि मोठी पातेली उपयोगी पडली. पाटा माझ्याकडे आहे, आणि खरे सांगते, तो आता मीच वापरू लागले आहे. एक लोखंडी पेटी अजून माळ्यावर आहे. तिचे काय करावे हे कोणालाच ठरवता आले नाही, आणि ती उघडावी असे कोणी म्हणतही नाही.

शेवटी एक विनंती. लाडवांचा पितळी डबा गेला, पण त्याचे झाकण सासूबाईंनी तुळशीपाशी निरांजन ठेवायला घेतले होते, ते तिथेच राहिले. वजन पाऊण किलो आहे. आपल्यापैकी कोणाचे माणूस या दिवाळीपूर्वी मेलबर्नकडे जाणार असेल आणि सामानात तेवढी जागा असेल, तर मला सांगावे. घासून, पुसून, कागदात बांधून घरी आणून देईन.