ऐतिहासिक मालिका आणि कालविपर्यास



दूरचित्रवाणीवरील ऐतिहासिक मालिका आम्ही घरांत सारे मिळून पाहतों. परवां एका मालिकेंत पेशवाईंतील एक कारभारी पत्र उलगडून वाचीत होता. माझा नातू म्हणाला, "आजोबा, मलाही तें वाचतां आलें!" मीं म्हटलें, "बाळ, तेथेंच तर चुकलें." त्या काळीं पोथ्या बाळबोधींत लिहीत, पण दप्तरचा व्यवहार मोडींत चाले. पुढें एक सरदार म्हणाला, "दोन मिनिटांत निघूं." त्या सरदाराची वेळ घटका-पळांनीं मोजली जात असे, आपल्या चोवीस मिनिटांची एक घटका, आणि अशा साठ घटकांचें एक अहोरात्र.

एवढ्याशा गोष्टीवरून शाळामास्तरानें छडी कां उगारावी, असें कोणी विचारील. नाटक म्हणजे इतिहास नव्हे, हें मलाही मान्य आहे. शिवकालीन दरबारी मराठी फारसी शब्दांनीं इतकी भरलेली होती कीं, १६७४ च्या राज्याभिषेकाच्या सुमारास महाराजांनीं त्या शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देणारा राज्यव्यवहारकोश करवून घेतला. ती भाषा जशीच्या तशी ऐकविली, तर आज कोणास उमजेल? तेव्हां भाषा सुगम करणें हा अपराध नव्हे.

परंतु डोळ्यांनीं पाहिलेलें मनांतून लवकर पुसलें जात नाहीं. इब्राहिमखान नांवाच्या भलत्याच माणसाचें चित्र कित्येक वर्षें शिवछत्रपतींचें म्हणून मिरवत होतें. १९३३ सालीं वा. सी. बेंद्रे यांनीं खरें चित्र उजेडांत आणलें, तेव्हां कोठें ती चूक उघड झाली. एक चित्र इतका काळ फसवूं शकतें. मग रोज रात्रीं घरांत येणारीं हालतीं-बोलतीं चित्रें काय करणार नाहींत?

वस्तूंच्या विपर्यासाहून विचारांचा विपर्यास मला अधिक घातक वाटतो. पुष्कळदां मालिकेंतील अठराव्या शतकांतील गृहिणी स्त्रीशिक्षणावर आजच्या वक्त्याप्रमाणें बोलते, आणि घरांतील वडील मंडळी माना डोलावतात. ऐकावयास हें गोड वाटतें. पण सारे जण इतके समंजस होते, तर १८४८ सालीं पुण्यांत भिडे वाड्यांत मुलींची शाळा काढणाऱ्या जोतीराव व सावित्रीबाई फुले यांना समाजाचा रोष कां सोसावा लागला? पूर्वजांना नसलेलें शहाणपण चिकटविलें, म्हणजे ज्यांनीं तें कष्टानें मिळविलें त्यांचें श्रेय आपण हिरावून घेतों.

म्हणून निर्मात्यांस माझी एक विनंती आहे. भागाच्या शेवटीं, यांत साधार काय आणि कल्पित काय, हें दोन वाक्यांत सांगावें. प्रेक्षकांनींही एक सवय लावून घ्यावी : पाहतांना "हें कशावरून?" असें विचारावें. माझा नातू आतां तसें विचारूं लागला आहे. उत्तर शोधतांना मलाच जुनीं पुस्तकें पुन्हा उघडावीं लागतात, आणि त्याबद्दल माझी तक्रार नाहीं.