ऑगस्ट क्रांती मैदान आणि समलिंगी नागरिक

(मालवण येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मुंबईचे गवालिया टँक मैदान सिंधुदुर्गातील माणसाला परके नाही. गिरगाव-ताडदेवच्या चाळींत ज्यांच्या दोन-दोन पिढ्या गेल्या, त्यांच्या घरात या मैदानाचे नाव सहज निघते. पूर्वी तेथे गुरे धुण्याचे तळे होते. ते बुजवून मैदान झाले. ८ ऑगस्ट १९४२ च्या रात्री गांधीजींनी ‘करेंगे या मरेंगे’चा मंत्र दिला तो येथे, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, पुढारी पकडले गेल्यावर, अरुणा असफअलींनी तिरंगा फडकावला तोही येथेच. ‘चले जाव’ ही घोषणा समाजवादी युसुफ मेहेरअलींची मानली जाते, हे या श्रोत्यांना सांगावयास नको. आज या ऑगस्ट क्रांती मैदानात बाग आहे, मुलांचे खेळ आहेत, आणि हुतात्म्यांचा स्मृतिस्तंभ आहे. दरवर्षी ९ ऑगस्टला गिरगाव चौपाटीवरील लोकमान्यांच्या पुतळ्यापासून निघणारी पदयात्रा या स्तंभापाशी पोहोचते.

१६ ऑगस्ट २००८ रोजी हाच रस्ता उलट दिशेने चालला गेला. समलिंगी स्त्रीपुरुष, हिजडे आणि त्यांचे स्नेही मैदानात जमले व तेथून चौपाटीकडे निघाले. त्यांनी आपल्या मोर्चाचे नाव ठेवले ‘क्वीअर आझादी’. ‘क्वीअर’ ही मुळात इंग्रजीतली शिवी. ज्यांना ती दिली गेली त्यांनीच ती अभिमानाने उचलली. स्वातंत्र्यदिनानंतरचा दिवस आणि ‘चले जाव’चे मैदान ही निवड मोठी अर्थपूर्ण होती. भारतीय दंडविधानाचे कलम ३७७ हे १८६० सालचे, इंग्रजांनी केलेले. त्यात जन्मठेपेपर्यंत शिक्षा होती. इंग्लंडने स्वतःच्या घरी १९६७ साली प्रौढ पुरुषांमधील खाजगी संबंध गुन्ह्यातून वगळले. येथे मात्र साहेब गेला आणि त्याचे कलम राहिले. या कलमाबद्दल ब्रिटिश सरकारने क्षमा मागावी, अशी मागणी त्या मोर्चात करण्यात आली. तिच्यात थोडा खट्याळपणा असेल, पण तर्क बिनतोड होता.

हुतात्म्यांच्या स्मारकाशी असल्या विषयाचा संबंध जोडणे हा त्यांचा अवमान आहे, असे म्हणणारे सज्जन थोडे नाहीत. त्यांनी १९३४ सालचा एक खटला आठवावा. र. धों. कर्व्यांच्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकावर अश्लीलतेचा आरोप आला तो वाचकांच्या लैंगिक शंकांना दिलेल्या उत्तरांवरून, आणि त्या शंकांत समलिंगी संबंधांचाही विषय होता. कर्व्यांचे वकीलपत्र घेतले डॉ. आंबेडकरांनी. खटला हरला, हे खरे. परंतु स्वातंत्र्याची व्याख्या परकी सत्ता जाण्यापुरती आखडून घेण्यास महाराष्ट्रातील थोर माणसे तेव्हाही तयार नव्हती.

न्यू यॉर्कमध्ये जून १९६९ मध्ये स्टोनवॉल नावाच्या मद्यगृहावर पोलिसांची धाड पडली आणि समलिंगी लोकांनी प्रतिकार केला. त्या मद्यगृहासमोरील छोट्या बागेत १९९२ मध्ये जॉर्ज सीगल या शिल्पकाराचे चार पांढरे पुतळे बसविण्यात आले: दोन पुरुष, दोन स्त्रिया. ते स्मारक त्यांच्यासाठी घडविलेले आहे. मुंबईकर समलिंगींसाठी कोणी शिल्प घडविले नाही. सर्वांचा जो स्तंभ होता त्याच्याच सावलीत ते उभे राहिले. यातली दुसरी रीत अधिक लोकशाहीची वाटते.

पण मालवणात बसून याचा विचार कशासाठी करावयाचा? कोकणातून मुंबईस गेलेला चाकरमानी कोठे राहिला, ते पाहावे. गिरणगावात गावमंडळाची एक खोली, तीत दहा-वीस माणसे, पाळीपाळीने पथारी, आणि महिन्याअखेर गावी मनीऑर्डर. अर्थशास्त्रात जागेची टंचाई चौरस फुटांत मोजतात. तिचा दुसरा परिणाम मोजदादीत येत नाही: ज्याला स्वतःचे दार नाही, त्याला खाजगी आयुष्यही नाही. बंगलेवाल्याचे गुपित बंगल्यात राहते. खोलीत राहणाऱ्या तरुणाला मनातले बोलण्यासाठी बाग, मैदान, समुद्राचा कठडा एवढेच उरते, आणि कलम ३७७ चा दंडुका दाखवून पैसे उकळणारेही त्याला तेथेच गाठत. गावी परतावे तर लग्नाची बोलणी वाट पाहत असतात. त्यात ज्या मुलीचा संसार मांडला जातो, तिच्या फसवणुकीचा हिशेब कोणी मांडत नाही. सुरुवातीच्या वर्षांत त्या मोर्चात मुखवटे घातलेले चेहरे दिसत. ते मुखवटे पोलिसांपेक्षा गावाच्या आणि घरच्यांच्या भीतीने घातलेले होते, असे मानावयास हरकत नाही.

कायद्याची वाट वळणाची झाली. दिल्ली उच्च न्यायालयाने २ जुलै २००९ रोजी दिलेला दिलासा सर्वोच्च न्यायालयाने ११ डिसेंबर २०१३ रोजी काढून घेतला, आणि ६ सप्टेंबर २०१८ रोजी त्याच न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी एकमताने प्रौढांचे संमतीचे संबंध गुन्ह्यातून मुक्त केले. विवाहाचा हक्क मात्र १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालाने नाकारला. २०२४ च्या ऑगस्टमध्ये केंद्र सरकारने शिधापत्रिकेसाठी समलिंगी जोडीदारांना एका कुटुंबातील मानावे, असे राज्यांना कळविले. संयुक्त बँक खात्यास अडचण नसल्याचेही स्पष्ट केले. शिधापत्रिका ही क्षुल्लक बाब नव्हे. गरिबाचे कुटुंब सरकारदरबारी तिच्यावरच तर सिद्ध होते!

आता मैदानाकडे वळू. मोर्चा पुढे जानेवारी-फेब्रुवारीत निघू लागला. २०२० साली पोलिसांनी ऑगस्ट क्रांती मैदानातून निघण्याची परवानगी नाकारली. १९ डिसेंबर २०१९ रोजी नागरिकत्व कायद्याविरुद्ध तेथे प्रचंड सभा झाली होती. तसल्या घोषणा पुन्हा होतील ही धास्ती. अखेर १ फेब्रुवारीला आझाद मैदानात मेळावा झाला, आणि तेथील घोषणांवरून काही तरुणांवर राजद्रोहाचा गुन्हा नोंदविण्यात आला. राजद्रोहाचे कलमही इंग्रजांचेच, टिळकांवर चाललेले. पुढे ९ ऑगस्ट २०२३ रोजी या मैदानाकडे निघालेल्या तुषार गांधींना पोलिसांनी सांताक्रूझ ठाण्यात अडकवून ठेवले. म्हणजे ज्यांचा तो स्तंभ वारसाहक्काने आहे असे समजले जाते त्यांनाही, आणि ज्यांनी तो नव्याने आपला मानला त्यांनाही, अडविणारा हात एकच निघाला.

तेव्हा ९ ऑगस्टच्या पदयात्रेत चालणाऱ्यांनी समलिंगी नागरिकांसाठी वेगळी सहानुभूती गोळा करण्याची आवश्यकता नाही. शांततेने जमणाऱ्या कोणाही नागरिकास या मैदानातून मोर्चा काढू द्यावा, अशी एक मागणी दोघांच्या सह्यांनी पोलीस आयुक्तांकडे गेली पाहिजे. आणि तिच्यावर कोकणातील माणसांच्या सह्या असाव्यात. त्या मुखवट्यांमागे या किनाऱ्यावरची मुले नसतीलच, असे कोणी छातीठोकपणे म्हणू शकणार नाही.