पोर कुणाचं? आपलं!



आज बचतीचं आणि हप्त्याचं बोलणं बाजूला ठेवू या. आज बोलू या आपल्या गावातल्या आई-बाप नसलेल्या लेकरांविषयी.

अनाथ म्हटलं की आपल्याला शहरातला आश्रम आठवतो. पण गटांच्या बैठकांना गावोगाव फिरताना आम्हाला ही लेकरं भेटतात ती आजीच्या ओट्यावर, मामाच्या रानात, मावशीच्या चुलीपाशी. कुणाचे आई-बाप अपघातात गेले, कुणाचे आजारपणात, कुणाचे कोरोनात. नातलगांनी लेकराला जवळ केलं. त्याचं सगळं करणारी बहुतेक वेळा आपल्यातलीच एखादी बाई असते. तिचे कष्ट मोठे आहेत.

पण पोटाला भाकरी मिळाली तरी लेकराच्या मनातली भीती जात नाही. मामाकडे राहणाऱ्या नववीतल्या एका मुलीला आम्ही सहज विचारलं, "तू कुठली गं?" ती म्हणाली, "सध्या इथली." अशी लेकरं पुन्हा वाढून मागत नाहीत. ताप आला तरी सांगत नाहीत. इथूनही जावं लागलं तर, हा घोर त्यांना असतो.

मग आपण काय करायचं?

पहिलं म्हणजे जीभ सांभाळायची. "आई-बापाला गिळून बसली", "पांढऱ्या पायाची" असलं बोलणं कुणी केलं, तर तिथंच थांबवायचं. आई-बापाचा विषयही टाळायचा नाही. फोटो असेल तर भिंतीवर लावा. आई कशी हसायची, बाप कांदा कसा पिकवायचा, ते लेकराला सांगा. ते त्याच्या हक्काचं आहे.

दुसरं, कागद करायचे. राज्य सरकारची क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना आहे. नातलगांकडे वाढणाऱ्या अशा मुलाला अठरा वर्षांपर्यंत दरमहा २२५० रुपये मिळतात. एकच पालक गेला असला, तरीही अर्ज करता येतो. अर्ज जिल्ह्याच्या महिला व बाल विकास कार्यालयात द्यायचा आणि मंजुरी बाल कल्याण समिती देते. मृत्यूचा दाखला, मुलाचं आधार, शाळेचा दाखला, रेशनकार्ड, उत्पन्नाचा दाखला, बँकेचं पासबुक ही कागदपत्रं जमवून ठेवा. बहुतेकींचं घोडं मृत्यूच्या दाखल्यापाशी अडतं. मृत्यूची नोंद २१ दिवसांत ग्रामपंचायतीत करून घ्या. वर्ष उलटलं की दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो आणि हेलपाटे वाढतात. म्हाताऱ्या आजीला हे एकटीनं जमत नाही. गटातल्या दोघींनी तिच्यासोबत जावं.

तिसरं, पुढचा विचार करायचा. "उरकून टाकू, जबाबदारी संपली," म्हणून अशा मुलीचं लग्न लवकर लावतात. अठराच्या आत लग्न लावणं गुन्हा आहे, मग मुलगी मामाची असो की भाचीची. तिला शिकू द्या. आई-वडील दोघंही नसलेल्या मुलांना महिला व बाल विकास विभागाकडून अनाथ प्रमाणपत्र मिळतं. त्यावर आपल्या राज्यात शिक्षणात आणि सरकारी नोकरीत एक टक्का आरक्षण आहे. नातलगांकडे वाढलेल्या मुलांनाही ते मिळतं.

या योजनेला सावित्रीबाईंचं नाव आहे, ते शोभतं. १८६३ साली पुण्यात जोतिरावांनी आणि सावित्रीबाईंनी अडलेल्या विधवांसाठी घर उघडलं. अशाच एका विधवेचा मुलगा, यशवंत, त्यांनी दत्तक घेतला. लोक नावं ठेवत होते, तरी त्यांनी त्याला शिकवून डॉक्टर केलं. १८९७ च्या प्लेगात मायलेक रोग्यांची सेवा करत होते. त्यातच सावित्रीबाई गेल्या. दुसऱ्याच्या पोटचा मुलगा शेवटपर्यंत आईच्या बरोबर उभा होता.

तर मैत्रिणींनो, येत्या बैठकीत वहीचं एक पान या लेकरांसाठी काढा. गावात अशी मुलं किती, कोणाकडे आहेत, कुणाचा कोणता कागद राहिला आहे, ते लिहा. पान घेऊन सरपंचांकडे आणि अंगणवाडीताईंकडे जा. गावाची बाल संरक्षण समिती त्यासाठीच असते. कुठं लेकराला मारहाण होत असेल, कामाला जुंपलं असेल, तर १०९८ हा नंबर रात्री-अपरात्रीही लागतो. त्याला पैसे पडत नाहीत.

आणि वाटेत कुणी विचारलं, "हे पोर कुणाचं?", तर त्याच्या पाठीवर हात ठेवून सांगा, "आमचं."