नव्या कॉम्प्युटरची किल्ली कोणाकडे?

(रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त ज्येष्ठ सभासदांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी कॉम्प्युटरतज्ज्ञ नाही. बँकेतून निवृत्त झालेली, बी विंगमधली तुमची शेजारीण. तरी ‘घरी नवीन कॉम्प्युटर आल्यावर काय करायचं’ यावर बोलायला कमिटीने मलाच उभं केलं, कारण माझी फजिती सगळ्यांना ठाऊक आहे. आपल्या स्मरणिकेसाठी सोसायटीच्या पहिल्या गणेशोत्सवाचे दोनच फोटो मिळालेत. बाकीचे माझ्यामुळे गेले.

झालं असं. अल्बमला वाळवी लागली, तेव्हा ह्यांनी सगळे फोटो स्कॅन करून सीडींवर घेतले होते. ह्यांच्या माघारी मी नवीन कॉम्प्युटर आणला, फोटो त्यात उतरवले आणि सीड्या भंगारात दिल्या. कॉम्प्युटर लावायला आलेला मुलगा म्हणाला, “काकू, मी करतो सगळं.” अर्ध्या तासात मशीन सुरू! मला त्याने चार आकडी पिन दिला. खातं कोणत्या ईमेलवर उघडलं, हे मी विचारलंच नाही.

दोन वर्षांनी पावसाळ्यात मदरबोर्ड जळाला. नवीन बसवला, तर निळ्या पडद्यावर ४८ आकड्यांची रिकव्हरी की मागितली. आता विंडोजच्या बऱ्याच नव्या कॉम्प्युटरांत डिस्क आपोआप कुलूपबंद होते. सोय चांगली आहे. मशीन चोरीला गेलं तरी आतलं कोणाला वाचता येत नाही. पण किल्ली त्या मायक्रोसॉफ्ट खात्यात असते. तो मुलगा तोवर नोकरी सोडून गेला होता. फोटो डिस्कमध्ये आहेत, पण मलाच ते उघडता येत नाहीत.

म्हणून सांगते. मुलगा, नातू, दुकानदार, कोणीही लावून देऊ दे. शेजारी खुर्ची टाकून बसा.

भाषा, देश, कीबोर्ड, वायफाय एवढं त्याला करू द्या. खात्याची पाटी आली की थांबवा. ईमेल तुमचा, मोबाईल नंबर तुमचा, पासवर्ड तुम्ही स्वतः टाइप केलेला. पिन आणि पासवर्ड एक नव्हे, बरं का! पिन त्या एका मशीनपुरता. पासवर्ड सगळ्या खात्याचा.

मग अपडेट सुरू होतात. वेळ लागतो, मशीन दोनतीनदा बंद होऊन चालू होतं. घाबरून बटण दाबू नका, चहा करून घ्या.

त्यानंतर आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जाऊन ती ४८ आकडी की शोधा, कागदावर उतरवा, एकदा ताडून पाहा आणि फ्लॅटच्या शेअर सर्टिफिकेटच्या फायलीत ठेवा. कागद कुठे आहे, हे घरातल्या एका विश्वासू माणसाला सांगा. फोनवर मात्र कोणालाही सांगायची नाही.

शेवटचं, फोटोंची दुसरी प्रत. एक बाहेरची हार्डडिस्क घ्या, महिन्यातून एकदा जोडा, कॉपी करा, काढून कपाटात ठेवा. कॉपी झालेले चारदोन फोटो उघडून बघा. तोवर जुनं काही भंगारात देऊ नका. बँकेत आम्ही मोजल्याशिवाय रक्कम स्वीकारत नव्हतो; घरी मात्र मी तो नियम विसरले.

मिळालेले दोन फोटो सी विंगमधल्या एका काकूंच्या ट्रंकेत सापडले. एकात हे मांडवाचा बांबू धरून उभे आहेत. तुमच्याही माळ्यावर, कपाटात असे फोटो असतील, तर कमिटीकडे द्या. स्कॅन करून परत देऊ, आणि या खेपेला दोन प्रती ठेवू.

माझी ती जुनी डिस्क मी अजून टाकलेली नाही.